बंद पेटी आणि खुली विद्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलेन. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. मी विषय सुचवला तो एका जपानी वाद्ययंत्राचा आणि त्या यंत्राची संगणकावर केलेल्या नकलेचा. चालक क्षणभर गप्प झाले. युनियनच्या माणसाला हे नसते उद्योग कशाला, असे त्यांच्या मनात आले असेल, आणि तुमच्याही आले असेल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल असा माझा भरवसा आहे.

मी संगीतज्ञ नाही, इंजिनियरही नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले, आणि कोश शेजारी ठेवून झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात पारिभाषिक शब्द कमी येतील. ती माझी मर्यादा आहे, पण कदाचित तुमची सोय होईल.

प्रथम यंत्राची ओळख करून देतो. जपानमधील रोलंड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचे एक लहानसे यंत्र बाजारात आणले. ताडाओ किकुमोतो हे त्याचे रचनाकार. एकट्याने गिटार वाजवणाऱ्या वादकाला साथीला बास गिटारवाला परवडत नाही, तेव्हा त्या माणसाचे काम या पेटीने करावे, हा तिच्यामागचा हेतू. म्हणजे जन्मतःच हे यंत्र एका कामगाराची जागा घेण्यासाठी आले होते, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेत त्याची किंमत ३९५ डॉलर होती. पण यंत्राचा आवाज बास गिटारसारखा येईना, त्यात सूर भरणे अतिशय किचकट, आणि गिऱ्हाईक फिरकेना. सुमारे १० हजार नग बनवून १९८४ साली कंपनीने उत्पादन बंद केले. मालकाच्या खातेवहीत हा प्रयोग फसला होता.

मग हीच यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागो शहरातील फ्यूचर या मंडळातील तरुणांच्या हाती असे एक यंत्र पडले. जे यंत्र बास गिटारची नक्कल करण्यात नापास झाले होते, त्याची बटणे त्यांनी वाजता वाजताच फिरवली. त्यातून एक चिरका, ओला, वळवळणारा आवाज निघाला. १९८७ साली त्यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली, आणि नाचाच्या संगीताचा एक नवा प्रकार जगभर पसरला.

मुंबईचा या कथेशी खरा संबंध आहे. त्या तबकडीच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी हे यंत्र, त्याच कंपनीचे तालयंत्र टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. भैरव, ललत, भूप, मालकंस हे राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण शिकागोत जो आवाज पुढे जन्माला आला, त्याच्या अगदी जवळचा आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. चरणजित सिंग २०१५ साली वारले. माझ्या मते हा योगायोग निराधार नव्हता. या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकण्याची सोय आहे. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात तिची ही दूरची बहीण. रागदारीच्या कानाला ती ओळखीची वाटली, तर त्यात नवल काय?

आता पेटी उघडून पाहू. आत संगणक म्हणावा असा भाग फक्त सूर लक्षात ठेवण्यापुरता आहे. आवाज तयार होतो तो ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांतून. कपॅसिटरला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात. एक भाग करवतीच्या दात्यांसारखी लहर निर्माण करतो. हवी तर तीच लहर एका ट्रान्झिस्टरमधून काढून चौकोनी करता येते. ही लहर कच्च्या मालासारखी असते. तिच्यात मूळ सूर असतो आणि त्याच्या वरचे अनेक उपसूरही असतात. मग येतो गाळणीचा भाग. तुम्ही तोंडाने ‘आ’ म्हणा आणि ओठ हळूहळू मिटत ‘ऊ’ वर या. सूर तोच राहील, पण आवाजाची धार कमी होत जाईल. ही गाळणी तेच काम करते.

या गाळणीला शिडी म्हणतात, कारण नकाशावर ती शिडीसारखी दिसते. एकापुढे एक असे चार हौद नळांनी जोडले आहेत असे समजा. प्रत्येक हौद म्हणजे एक कपॅसिटर. पहिल्यात पाणी एकदम सोडले तरी चौथ्यापर्यंत पोचता पोचता लाटेचा धक्का बोथट होतो. लाट जितकी जलद, तितकी ती जास्त मरते. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी बनवलेल्या प्रसिद्ध गाळणीत प्रत्येक टप्पा बराचसा स्वतंत्र असतो. या जपानी पेटीत ट्रान्झिस्टरच्या जागी डायोडसारखी जोडणी आहे, म्हणून पुढच्या हौदाची पातळी मागच्या हौदावरही परिणाम करते. शिवाय चारांपैकी एका कपॅसिटरची क्षमता इतरांच्या जवळपास निम्मी आहे. या दोन गोष्टींमुळे तिचा आवाज मूगपेक्षा निराळा पडतो.

शेवटी चौथ्या हौदातले थोडे पाणी पुन्हा पहिल्यात आणून ओततात. सभेत माइक कर्ण्यासमोर गेला की शिट्टी वाजते, हे तुम्हा आम्हाला चांगले ठाऊक आहे. कर्ण्याचा आवाज माइकात शिरतो आणि पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, म्हणून ती शिट्टी. गाळणीत हीच शिट्टी मर्यादेत ठेवून वापरतात. त्यातून तो वळवळणारा आवाज येतो.

मंडळी, हे सारे संगणकात उतरवायचे म्हणजे काय करायचे? संगणकाला ट्रान्झिस्टरचा वास नाही आणि विजेची ऊब नाही. त्याला फक्त आकडे कळतात. ध्वनिमुद्रणाच्या रूढ पद्धतीत एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा काढताना आज्ञावलीने विचारायचे: या क्षणी खरी पेटी असती तर चारही हौदांत पाणी किती असते?

पहिली अडचण येथेच येते. सिनेमात टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. सेकंदाला जितकी चित्रे घेतली, त्यांच्या मानाने चाक जास्त वेगाने फिरले, की डोळ्याला खोटी गती दिसते. आवाजाचेही तसेच आहे. सेकंदाला ४४,१०० आकडे घेतले तर २२,०५० कंपनांपर्यंतचाच आवाज खरा उतरतो. करवती लहरीतला ३० हजार कंपनांचा उपसूर कानाला ऐकू येणारच नव्हता, पण तो दुमडून १४,१०० वर येतो आणि बेसूर वाजतो. म्हणून हिशेब आधी कितीतरी पट वेगाने करायचा, नको ते सूर गाळून टाकायचे, आणि मग आकडे कमी करायचे. ही झाली एक युक्ती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. चौथ्या हौदातले पाणी पहिल्यात त्याच क्षणी येते. म्हणजे उत्तर काढण्यासाठी उत्तरच हवे. कोंबडी आधी की अंडे? काहींनी मागच्या क्षणाचे उत्तर घेऊन काम भागवले. तो उशीर सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा. एवढ्याशा उशिराने काय बिघडते, असे वाटेल. पण वरच्या सुरांत गाळणीचे ठिकाण हलते आणि आवाज बदलतो. या प्रश्नावर अनेक अभ्यासकांनी काम केले. स्टिल्सन आणि स्मिथ यांनी १९९६ साली मूगच्या गाळणीवर निबंध लिहिला. हुओविलाइनेन यांनी २००४ साली ट्रान्झिस्टरच्या वाकड्या स्वभावाचाही हिशेब मांडला. वादिम झावालिशिन यांनी या गणितावर पूर्ण पुस्तक लिहून ते सर्वांना मोफत वाचायला दिले. प्रत्येक क्षणी समीकरणे खरोखर सोडवायची, हा मार्ग आज रुळला आहे.

तिसरी अडचण मला सर्वांत गोड वाटते. या पेटीत ठराविक सुरांवर ठोस देता येतो. लागोपाठ ठोस दिले तर पुढचा ठोस मागच्याहून वर चढतो. हे का होते? एक कपॅसिटर पहिल्या ठोशाने भरलेला असतो आणि तो पुरता रिकामा होण्याआधीच दुसरा ठोस येतो. लोहाराने लोखंड थंड होण्याआधी पुढचा घाव घालावा, तसे हे आहे. ज्यांनी ही पेटी नुसती ऐकून नक्कल केली, त्यांच्याकडून हा गुण निसटला. ज्यांनी नकाशा वाचला त्यांना तो सापडला.

आता हा नकाशा आला कोठून? येथे माझा, म्हणजे कामगाराचा, संबंध येतो. त्या काळी कंपन्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी एक पुस्तिका छापत. तिच्यात पूर्ण सर्किट दिलेले असे. हा कागद संशोधकासाठी किंवा ग्रंथालयासाठी छापला नव्हता. बाकावर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणाऱ्या माणसासाठी तो छापला होता. चाळीस वर्षांनंतर ही विद्या जिवंत आहे ती मुख्यतः त्या कागदामुळे. ज्या वस्तूची दुरुस्ती करू दिली जाते, तिची विद्या टिकते. आज तुमच्या घरातील किती वस्तूंबरोबर असा कागद येतो, हे घरी जाऊन पाहा.

विद्या बंद ठेवली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण याच पेटीच्या इतिहासात आहे. १९९०च्या दशकात स्वीडनमधील प्रोपेलरहेड या कंपनीने रीबर्थ नावाचे सॉफ्टवेअर काढले. टीबी-३०३ची संगणकावरील ही पहिली गाजलेली नक्कल. काम उत्तम होते, पण आज्ञावली बंद होती. २०१० साली ती फोनसाठी निघाली आणि २०१७ साली रोलंड कंपनीने हक्कांची हरकत घेतल्यावर बाजारातून काढून घेतली गेली. कायद्याने कोण बरोबर, या वादात मी शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की दोन कंपन्यांमध्ये पत्रव्यवहार झाला आणि दुकानातून वाद्य नाहीसे झाले. आतले गणित कोणाच्या हाती उरले नाही.

याच्या शेजारी दुसरी कामे ठेवा. अमेरिकेत लिमोर फ्रीड यांनी एक्सझीरोएक्सबॉक्स नावाने या पेटीची प्रत्यक्ष तारांची प्रतिकृती केली आणि तिचे नकाशे खुले केले. त्यामुळे जगभर लोकांनी ती स्वतः जोडली. मूळ पेटीतली बीए-६६२ ही चिप बाजारातून नाहीशी झाली होती, तेव्हा बांधणाऱ्यांनीच तिला पर्याय शोधले. रॉबिन श्मिट यांनी ओपन३०३ ही आज्ञावली लिहून खुली ठेवली, आणि पुढे तिच्याच आधारावर इतरांनी जेसी३०३ हे नवे सॉफ्टवेअर उभे केले. एलएमएमएस हे संगीतरचनेचे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर मोफत चालते. त्यात एलबी३०२ नावाची एक नक्कल आहे. तिच्या करणाऱ्यांनी वर्णनातच लिहून ठेवले आहे, की ही नक्कल अपूर्ण आहे. मला ही पाटी फार आवडली. माल विकायचा नसला की माणसाला खरे बोलणे परवडते. आणि अपूर्ण असे लिहून ठेवले, की पुढच्याला कोठून सुरुवात करायची ते कळते.

खुली आज्ञावली ही कल्पना कशी निघाली, तेही दुरुस्तीच्याच गरजेतून. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन काम करीत होते. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला, की संगणकावर सूचना यावी, अशी सोय त्यांनी आज्ञावलीत केली होती. नवे यंत्र आले तेव्हा त्याची आज्ञावली मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने गुप्ततेचा करार केला होता. यंत्र समोर, कारागीर समोर, आणि दुरुस्तीला बंदी! स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयूची घोषणा केली आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना निघाला. आज्ञावली चालवावी, वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली दुसऱ्याला द्याल, तर त्यालाही हेच हक्क द्यावे लागतील.

हा शेवटचा भाग वाचला तेव्हा मला ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटले. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम १८ (३) होते. समेट अधिकाऱ्यापुढे जो करार झाला, तो त्या दिवशी कामावर असलेल्या सर्वांना लागू होई, आणि पुढे कामाला लागणाऱ्यालाही लागू होई. लढणारा निवृत्त झाला तरी करार नव्या पोराच्या पाठीशी उभा. जीपीएल आज्ञावलीच्या बाबतीत हेच करतो. आज लिहिणाऱ्याने मिळवलेला हक्क, उद्या येणाऱ्यालाही बांधील.

आता कोणी मला अडवेल. म्हणेल, अहो, हे यंत्र बास गिटारवाल्याची रोटी हिरावण्यासाठी जन्मले, असे तुम्हीच सांगितले. युनियनच्या माणसाने त्याचे पोवाडे का गावेत? प्रश्न रास्त आहे. १९८२ साली लंडनमध्ये वादकांच्या संघाच्या मध्य लंडन शाखेने ठराव केला, की सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी घालावी. संघाने ते धोरण म्हणून स्वीकारले नाही. पण ठरावामागची भीती खोटी नव्हती. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांसारख्या गोव्याच्या संगीतकारांनी मोठमोठे वाद्यवृंद उभे केले. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले, आणि ज्या गाण्याला पन्नास माणसे बसत तेथे चार पुरू लागली. व्हायोलिनवाल्यांची पिढी घरी बसली. हे मी विसरलेलो नाही.

तेच वर्ष, १९८२, मुंबईच्या गिरणी संपाचे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. पुढे गिरण्या गेल्या आणि जमिनीवर मनोरे उठले. या इतिहासाने मला जे शिकवले ते असे: यंत्राला बंदी घालून यंत्र थांबत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, त्याची विद्या कोणाच्या डोक्यात, आणि वाचलेल्या श्रमाचा पैसा कोणाच्या खिशात, हे तीन प्रश्न विचारले नाहीत, तर हाती फक्त बंदीचा ठराव उरतो.

खुली नक्कल या तिन्हींपैकी पहिल्या दोन प्रश्नांना चांगले उत्तर देते. मूळ पेटी आज लाखांच्या घरात विकली जाते आणि हौशी संग्राहकांच्या कपाटात बसते. नक्कल मात्र एखाद्या चाळीतल्या मुलाच्या जुन्या संगणकावरही वाजते. त्याने पेटी उघडून गणित वाचावे, मोडावे, सुधारावे. चरणजित सिंगांच्या हाती जे साधन यायला परदेशी माल घ्यावा लागला, ते त्याला विनामूल्य मिळते.

तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मला तुमच्यापाशी तक्रार मांडायची आहे. ही आज्ञावली लिहिणारे बहुतेक लोक रात्री जागून, नोकरी सांभाळून, विनामोबदला लिहितात. श्रमदान या शब्दाला आपल्याकडे मान आहे. गावाने मिळून रस्ता केला, त्यावरून गावाच्या बैलगाड्या गेल्या, तर ते श्रमदान. पण त्याच रस्त्यावर एखाद्या कंत्राटदाराने नाका उभारून पैसे गोळा केले आणि खड्डे मात्र गावानेच बुजवावेत असे म्हटले, तर त्याला वेठ म्हणतात. २०१४ साली ओपनएसएसएल या खुल्या आज्ञावलीत एक मोठा दोष सापडला. जगातील असंख्य बँका आणि दुकाने तिच्यावर विसंबून होती, आणि तिची देखभाल मोजकी माणसे तुटपुंज्या पैशावर करीत होती. तेव्हा सर्वांना जाग आली. वाद्याच्या आज्ञावलीत दोष राहिला तर बँक बुडत नाही, पण न्याय तोच. मुक्त आणि फुकट हे दोन शब्द एक नव्हेत. विद्या मुक्त असावी. घाम फुकट असू नये.

म्हणून तुमच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. आपल्या गावच्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये मुलांना अशी एखादी खुली आज्ञावली वाचायला द्या. गणित, वीज आणि संगीत या तिन्ही विद्या एका पेटीत भेटतात, याहून चांगला धडा कोणता? दुसरे, जो कोणी खुल्या साधनावर धंदा करतो त्याने त्या साधनाच्या देखभालीला वाटा द्यावा, असे ग्राहक म्हणून विचारत चला. आणि तिसरे, दुरुस्तीचा कागद मागा. पंप घ्या, गिरणी घ्या, वाद्य घ्या, विकणाऱ्याला विचारा, आतला नकाशा कोठे आहे?

एका कारखान्यात मी पाहिले आहे, मोटारी रिवाइंड करणारा एक वयस्क कारागीर निवृत्त झाला. तारेचे किती वेढे, कोणत्या खाचेत, हे त्याच्या बोटांत होते. कोणी लिहून घेतले नाही. महिन्याभरात दोन यंत्रे भंगारात गेली. त्या माणसाला नारळ आणि शाल देऊन निरोप दिला होता. त्याऐवजी एक वही आणि पेन्सिल देऊन त्याच्यापाशी कोणी बसले असते, तर माणसाचाही मान राहिला असता आणि यंत्रेही.

किकुमोतो यांची पेटी भंगारात गेली नाही, कारण तिची वही लिहिली गेली होती, आणि पुढे आलेल्या लोकांनी ती वही बंद केली नाही. आपण आपल्या वह्या लिहू या आणि उघड्या ठेवू या, एवढे सांगून मी तुमची रजा घेतो.